मासळी निर्यातीचा आकडा नेमका काय मोजतो

दरवर्षी जूनच्या आसपास एमपीईडीएचे, म्हणजे कोचीच्या सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाचे, वर्षभराचे आकडे येतात आणि मग सगळ्या ग्रुपवर तेच फॉरवर्ड फिरतं, एवढे लाख टन, एवढे हजार कोटी, विक्रम झाला किंवा विक्रम हुकला. त्याच्या खाली दोन प्रकारच्या कमेंट ठरलेल्या. रत्नागिरी-हर्णैकडचे लोक विचारतात की एवढी निर्यात होतेय तर आमच्या बोटी अर्ध्या रिकाम्या का येतायत, आणि मुंबई-पुण्यातले खाणारे म्हणतात बघा, चांगला मासा सगळा बाहेर जातो म्हणून आपल्याला सुरमई परवडत नाही. मी तळोज्याच्या बाजूला एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनच्या कामात आहे, हे आकडे ज्या कागदांपासून बनतात ते कागद रोज हाताखालून जातात, त्यामुळं यावर एकदा नीट लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. कारण दोन्ही कमेंट करणारे चुकीच्या माणसाला प्रश्न विचारतायत असं मला वाटतं. निर्यातीचा आकडा समुद्राबद्दल फार कमी बोलतो, तो कस्टमच्या कागदावरच्या एका ओळीबद्दल बोलतो.

ती ओळ कशी तयार होते ते आधी सांगते. प्लँटमधून माल रीफर (थंड ठेवणाऱ्या) कंटेनरमध्ये भरला जातो, इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट बनते, मग सीएचए, म्हणजे कस्टमचं काम बघणारा एजंट, शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा अर्ज) फाइल करतो. त्यात आठ आकडी कोड टाकावा लागतो, निव्वळ वजन, एफओबी किंमत (जहाजावर चढेपर्यंतची, पुढचं भाडं-विमा सोडून), कुठल्या बंदरातून निघाला, कुठल्या देशाला चालला. बस. हीच ओळ पुढे कलकत्त्याला डीजीसीआय अँड एस या व्यापाराचे आकडे गोळा करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे जाते, तिथून वाणिज्य मंत्रालयाच्या साइटवर आणि शेवटी युनोच्या कॉमट्रेड या जागतिक व्यापाराच्या डेटाबेसमध्ये. कोण्या तांडेलानं कुठं जाळं टाकलं, मासा समुद्रातला का तळ्यातला, याची जागाच त्या ओळीत नाही.

त्या आठ आकड्यांतले पहिले सहा जगभर सारखे असतात. त्याला एचएस कोड म्हणतात, ब्रुसेल्सच्या जागतिक सीमाशुल्क संघटनेनं केलेली ही पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि दर पाच-सहा वर्षांनी त्यात सुधारणा होते. पुढचे दोन आकडे आपले आपण ठरवतो. ताजी, गोठवलेली, सुकवलेली मासळी प्रकरण ३ मध्ये, डबाबंद किंवा मसाला लावून तयार केलेली प्रकरण १६ मध्ये, फिशमील (मासळीची पावडर) पार प्रकरण २३ मध्ये. म्हणजे कोणी नुसतं प्रकरण ३ बघून 'मासळीची निर्यात' म्हणाला तर टेबलातली मोठी रास त्याच्या नजरेतून सुटलीच. आणि ही कोडं कस्टम ड्युटी लावायला बनलेली आहेत, मासे ओळखायला नाही, हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंच समजतं.

याचं मला सगळ्यात खटकणारं उदाहरण म्हणजे बोत. घोळ माशाच्या पोटातली हवेची पिशवी, जिच्यासाठी पालघरकडे घोळ सोन्याच्या भावानं विकला जातो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मुरबे गावच्या एका बोटीला दीडशेच्या वर घोळ लागले आणि लिलाव सव्वा कोटीच्या वर गेला, ती बातमी बहुतेकांनी वाचली असेल. तो भाव मांसाचा नव्हता, बोताचा होता, जो सुकवून हाँगकाँग-सिंगापूरकडे जातो. आता जागतिक कोडमध्ये बोत कुठं बसतं? ०३०५७२, आणि त्या कोडाचं वर्णन आहे माशांची डोकी, शेपट्या आणि हवेच्या पिशव्या. म्हणजे किलोला हजारोंनी जाणारं बोत आणि सूप-खतासाठी जाणारी डोकी एकाच खणात! त्या कोडाची सरासरी किंमत काढली की जो आकडा येतो तो ना डोक्याचा ना बोताचा. एखाद्या वर्षी डोक्यांचे दोन कंटेनर जास्त गेले की कागदावर भाव कोसळला असं दिसतं, आणि कोणीतरी त्यावर 'घोळची मागणी घटली' असा निष्कर्ष काढतो. ज्या माशाची सगळ्यात जास्त काळजी घ्यायला हवी त्याचाच व्यापार जागतिक आकड्यांत वेगळा दिसत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

शार्कच्या परांचं पण असंच झालं होतं. या व्यापाराचं मोठं केंद्र हाँगकाँग, आणि अभ्यास करणारे लोक तिथले आणि चीनचे कस्टमचे आकडे जुळवून बघत होते. मग २००० साली चीननं गोठवलेले पर शार्कच्या गोठवलेल्या मांसाच्या कोडमध्ये टाकायला सांगितलं. झालं, कागदावर परांची आयात एकदम खाली! समुद्रात एकही शार्क त्यामुळं वाचला नव्हता. शेली क्लार्क या संशोधिकेनं नंतर हाँगकाँगच्या लिलावांच्या नोंदी आणि परांची डीएनए तपासणी वापरून २००६ मध्ये अंदाज मांडला की वर्षाला साधारण २.६ कोटी ते ७.३ कोटी शार्क या व्यापारासाठी मारले जातात, म्हणजे वजनात एफएओकडच्या (युनोची अन्न आणि शेती संघटना) शार्कच्या पकडीच्या नोंदीच्या तीन-चार पट. नंतर एचएसमध्येच परांना वेगळे कोड मिळाले, पण तोपर्यंतची वर्षं हातातून गेली ती गेलीच.

आता वजनाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो आणि कोणी फारसं बोलत नाही. कस्टमच्या कागदावरचं वजन हे कार्टनमधल्या मालाचं वजन असतं, पाण्यातून बाहेर काढलेल्या प्राण्याचं नाही. कोळंबीचं डोकं काढलं की साधारण ६०-६५ टक्के उरतं, साल आणि दोरा काढून पीडी केली की निम्म्याच्या आसपास. राणीमाशाची सुरिमी (मांसाचा धुतलेला लगदा) करायची तर साडेतीन-चार किलो मासळीतून जेमतेम किलोभर निघते. फिशमीलला चार-पाच किलो ओली मासळी लागते तेव्हा एक किलो पावडर. हे सगळं शेवटी 'टन' म्हणून एकाच बेरजेत येतं. टन म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर टोपल्या येतात, पण एका टनात सालीसकट कोळंबी आहे आणि दुसऱ्या टनात नुसती पावडर.

यावरून इक्वेडोर आणि भारत यांची जी तुलना चालते ती बघा. इक्वेडोरची कोळंबी निर्यात २०२२ पासून वर्षाला दहा लाख टनांच्या वर गेली आणि आपली गोठवलेली कोळंबी २०२४-२५ मध्ये ७,४१,५२९ टन. लगेच हेडलाइन की आपण किती मागे पडलो. पण इक्वेडोरचा खूपसा माल चीनला डोक्यासकट जातो आणि आपला अमेरिकेला जाणारा माल मुख्यतः हेडलेस नाहीतर सोललेला असतो. आपल्या एक टन पीडीमागे तळ्यातून निघालेली कोळंबी जवळपास दोन टन असते. इक्वेडोर खूप पुढे गेलाय यात वाद नाही, त्यांनी खरंच मोठी झेप घेतली, पण अंतर किती ते या दोन आकड्यांच्या वजाबाकीतून निघत नाही. आणि त्या सोलण्याच्या कामावर आपल्याकडे हजारो बायका पोट भरतात, ते काम वजनाच्या रकान्यात उणे म्हणूनच दिसतं. जेवढं जास्त सोलाल तेवढा देश मागे!

एफएओ हे सगळं जिवंत वजनात आणायला रूपांतर गुणांक वापरते, पण ते गुणांक प्रत्येक देशाचे, प्रत्येक जातीचे अचूक नसतात, आणि एका कोडमध्ये दहा जाती असतील तर गुणांक लावायचा तरी कुठला.

मग लोक म्हणतात वजन सोडा, पैसे बघू. पैशाचं पण ऐका. २०२२-२३ मध्ये आपली निर्यात १७,३५,२८६ टन आणि ६३,९६९ कोटी रुपये, डॉलरमध्ये ८.०९ अब्ज. २०२३-२४ ला वजन वाढून १७,८१,६०२ टन झालं, पण रुपये ६०,५२४ कोटींवर आले आणि डॉलर ७.३८ अब्जांवर. २०२४-२५ ला वजन घटलं, १६,९८,१७० टन, तर रुपये वाढून ६२,४०८ कोटी. आता सांगा, २०२३-२४ चांगलं वर्ष का वाईट? वजनवाला म्हणेल विक्रमी, पैसेवाला म्हणेल घसरण, आणि दोघंही खरं बोलतायत. शेवटच्या वर्षात रुपयांची वाढ दिसते तीन टक्क्यांच्या वर, डॉलरमध्ये बघितलं तर ७.३८ वरून ७.४५, एक टक्का पण नाही. मधला फरक रुपया घसरल्याचा, कोळंबीनं त्यात काही केलेलं नाही.

सरासरी भाव काढून बघायचा मोह तर सगळ्यांनाच होतो, मी पण काढते. २०२४-२५ चा एकूण भाव येतो किलोला ३६७ रुपयांच्या आसपास. पण त्याच वर्षी नुसत्या गोठवलेल्या कोळंबीचा ५८४ च्या जवळ, आणि कोळंबी सोडून बाकी सगळ्याचा मिळून २०० च्या आतबाहेर. म्हणजे ३६७ रुपये हा कुठल्याच एका मालाचा भाव नाही. हा आकडा वर गेला तर भाव वाढला असेल, किंवा भाव तोच राहून कोळंबीचा वाटा वाढला असेल, किंवा कोळंबीतच मोठ्या आकाराचा माल जास्त गेला असेल. अमेरिकेच्या दहा आकडी कोडमध्ये पाउंडाला १५ पेक्षा कमी, १५ ते २०, २१ ते २५ असे काउंटप्रमाणे, म्हणजे एका पाउंडात किती नग बसतात त्याप्रमाणे, वेगळे खण आहेत त्यामुळं तिथं हे थोडं तरी उलगडतं, आपल्याकडच्या कोडात ती सोय नाही. म्हणून मी अमेरिकेला गेलेल्या आपल्याच मालाचा अभ्यास करायचा असेल तर अमेरिकेचा आयातीचा डेटा उघडते, आपला नाही.

असं दुसऱ्या बाजूनं बघण्याला मिरर डेटा म्हणतात, आपण 'पाठवलं' म्हणतो ते आणि समोरचा 'मिळालं' म्हणतो ते शेजारी ठेवायचं. दोन्ही कधीच जुळत नाहीत. आपण एफओबी लिहितो, समोरचे बहुतेक देश भाडं-विमा धरून सीआयएफ लिहितात, आपलं वर्ष एप्रिल ते मार्च, कॉमट्रेडचं जानेवारी ते डिसेंबर, मार्चअखेर विशाखापट्टणमहून निघालेला कंटेनर न्यूयॉर्कला मे महिन्यात पोचतो. एवढा फरक समजण्यासारखा. खरी मजा आकडे त्यापलीकडे फाटतात तिथं असते, कारण तिथं काहीतरी घडत असतं. काही वर्षांपूर्वी आपल्या टेबलात व्हिएतनाम कोळंबीचा प्रचंड मोठा गिऱ्हाईक दिसायचा. व्हिएतनाम स्वतः कोळंबी पिकवणारा देश, त्याला एवढी कशाला लागते? थोडा माल तिथं प्रोसेस व्हायचा, पण बराचसा हायफाँगला उतरून सीमेवरून चीनमध्ये जायचा, ड्युटी वाचवायला. मग चीननं सीमेवर कडक तपासणी सुरू केली, आणि २०१९-२० च्या टेबलात चीन एकदम अमेरिकेखालोखाल दुसऱ्या नंबरवर आला आणि आग्नेय आशिया खाली घसरला. ज्यांनी नुसतं टेबल बघितलं त्यांनी 'चीनची मागणी एका वर्षात फुटली' असं लिहिलं. मागणी आधीपासून होतीच की, पत्ता बदलला होता. (हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. स्वीडनला मासळीच्या मोठ्या निर्यातदारांमध्ये बघून चक्रावायला होतं, पण तो बहुतेक नॉर्वेचा सामन असतो, ट्रकनं स्वीडनमधून युरोपियन युनियनमध्ये शिरणारा, म्हणून कागदावर स्वीडनची आयात आणि लगेच स्वीडनची निर्यात.)

चीनचं आणखी एक. रशिया-नॉर्वेकडून डोकं काढून गोठवलेला कॉड आणि पोलॉक दालियन-चिंगडाओला येतो, तिथं फिले कापले जातात आणि परत जर्मनी, ब्रिटन, अमेरिकेला जातात. तोच मासा जागतिक व्यापारात दोनदा मोजला गेला. २०२२ चा जगाचा जलचर उत्पादनांचा व्यापार एफएओनं १९५ अब्ज डॉलर सांगितला, त्यात असे दोनदा-तीनदा सीमा ओलांडलेले मासे सगळे धरलेले आहेत. व्यापार म्हणून ते बरोबरच आहे, प्रत्येक वेळी पैसे बदललेच ना, फक्त त्यावरून माणसं किती मासा खातात हे काढायला गेलात की अडकता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट जी या कोडात नाहीच, ती म्हणजे समुद्रातला का शेतीतला. एफएओच्याच हिशोबानं २०२२ मध्ये जगात १८.५४ कोटी टन जलचर प्राणी निघाले आणि त्यातले ९.४४ कोटी टन शेतीतले, म्हणजे पहिल्यांदाच पकडीपेक्षा शेती पुढे गेली. केवढा मोठा बदल! पण गोठवलेल्या कोळंबीच्या सहा आकडी जागतिक कोडमध्ये थंड पाण्यातली आणि इतर एवढाच भेद आहे, तळं का समुद्र असा नाही. मग बाहेरची माहिती जोडून अंदाज बांधावा लागतो. उदाहरणार्थ, जाळ्यात अडकलेलं कासव सुटावं म्हणून लावायच्या टेड या साधनाच्या नियमावरून अमेरिकेनं गेली काही वर्षं आपली समुद्रात पकडलेली कोळंबी बंद ठेवलीय, तर अमेरिकेला जाणारी आपली कोळंबी ही तळ्यातलीच, मुख्यतः आंध्रातली वनामी ही शेतीची जात, हे नक्की सांगता येतं. जी वनामी आपल्याकडे २००९ पर्यंत शेतीला नव्हतीच, आणि आज गोठवलेली कोळंबी आपल्या डॉलर कमाईचा जवळपास ७० टक्के हिस्सा आहे.

आता रत्नागिरीकरांच्या प्रश्नाकडे परत या. निर्यात वाढतेय आणि बोट रिकामी येतेय, यात विसंगती काहीच नाही, कारण वाढणारा पैसा आंध्रातल्या भीमावरमच्या तळ्यातून येतोय आणि रिकामी बोट मिरकरवाड्याची आहे. आणि सुरमईवाल्यांनाही तेच सांगेन, टेबलातला सगळ्यात मोठा आकडा तुमच्या ताटातल्या माशाचा नाहीये, तुमच्या सुरमईचा भाव समजून घ्यायचा तर डिझेल, बर्फ, पकड आणि मुंबईतली मागणी बघावी लागेल. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेनं ५० टक्के टॅरिफ लावलं तेव्हा कोकणातली समुद्रातली कोळंबी आता स्वस्त होणार म्हणून किती पोस्ट फिरल्या, पण ती कोळंबी मुळात अमेरिकेला जातच नव्हती!

बंदराच्या आकड्यांचं पण असंच. न्हावाशेवा हे मासळी निर्यातीतलं देशातलं मोठं बंदर, मग पेपरात येतं महाराष्ट्राची निर्यात एवढी. अरे, त्यात वेरावळची वाकटी आहे, गुजरातची सुरिमी आहे, कुठकुठला माल ट्रकनं येऊन इथून निघतो. २०२० पासून शिपिंग बिलात मूळ राज्य आणि जिल्हा भरावा लागतो हे चांगलं झालं, पण मी पाहिलंय त्यात बहुतेक वेळा प्लँट ज्या जिल्ह्यात तोच जिल्हा जातो, मासा कुठं उतरला तो नाही. माकुळ हर्णैचं, नाव रायगडचं.

पकड बघायची तर सीएमएफआरआयचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे, अंदाज बघावेत. ते लँडिंग सेंटरवर नमुना पद्धतीनं मोजतात, जातीनिहाय देतात, २०२३ ची देशाची सागरी पकड त्यांनी साधारण ३५ लाख टन सांगितली. राज्याच्या मत्स्य विभागाचा आकडा वेगळा असतो आणि दोन्ही जुळत नाहीत, पण निदान ते मासा मोजायच्या उद्देशानं मोजतात. फक्त तिथून निर्यातीपर्यंत धागा नाही. ही बोट, हा मासा, हा कंटेनर असं जोडणारं सार्वजनिक काहीच नाही.

आणि म्हणूनच मला एक गोष्ट मनापासून मागायचीय. युरोपियन युनियनला समुद्रातली मासळी पाठवायची तर २०१० पासून कॅच सर्टिफिकेट लागतं. आपल्याकडे ते एमपीईडीए तपासून देतं. त्यावर बोटीचं नाव, नोंदणी नंबर, पकडीचं क्षेत्र, तारीख, जात, वजन सगळं असतं, माकुळाच्या एका कंटेनरमागे अशा बोटींची लांबच लांब यादी लागते. जानेवारी २०२६ पासून युरोपनं हे सगळं डिजिटल केलंय. म्हणजे जी माहिती शिपिंग बिलात नाही ती या कागदात आधीच भरली जातेय, बोटवाल्यांकडून, सप्लायरकडून, आमच्यासारख्यांकडून. बोटींची नावं झाकून ठेवा, ती कुणाला नकोयत, पण बंदरवार आणि जातवार बेरीज तरी दर तिमाहीला जाहीर करा. मिरकरवाडा, हर्णै, ससून डॉक, वेरावळ, प्रत्येकाचं माकुळ किती, राणीमासा किती. मच्छीमार सोसायट्यांनी ही मागणी लेखी करावी असं मला फार वाटतं, मसुदा लिहायला मदत लागली तर मी बसायला तयार आहे.